मुखवट्यांच्या बॉलला उघड्या तोंडानं

सत्तरीला टेकलेल्या माणसांनी बॉलला, म्हणजे साहेबी नाचाच्या जलशाला, जाऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. गुडघे कुरकुरतात, नव्या सँडल चावतात आणि दिवेलागणीपासूनच डोळे अंथरूण शोधायला लागतात. तरी आम्ही गेलो. भर फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनचं बर्फ मागे टाकून न्यू ऑर्लिन्सला, तेही कार्निव्हलच्या ऐन गर्दीत. कारण एकच, त्या बॉलमध्ये आमची केतकी गाणार होती.

केतकी आमची एकुलती एक. जन्म न्यू जर्सीतला आणि शिक्षण ऑपेराच्या गाण्याचं. ओळखीच्यांची मुलं डॉक्टर, वकील, सॉफ्टवेअरवाली झाली आणि आमची ऑपेराच्या कोरसमध्ये उभी राहिली. कोरस म्हणजे नायक-नायिकेच्या मागची गर्दी. कधी खेडूत बायका, कधी कैदी, कधी भुतं. वर्षानुवर्षं आम्ही गावोगावच्या थिएटरांत बसून त्या गर्दीतली आपली मुलगी कुठली ते हुडकत आलो. माझे यजमान शरदराव तर त्यासाठी दुर्बीण बाळगतात. मी मात्र थकले होते. तिच्या नोकरीची, इन्शुरन्सची, एकटेपणाची काळजी करून थकले होते, आणि 'मग केतकी सध्या काय करते?' या प्रश्नाला हसतमुखानं उत्तर देऊन त्याहून जास्त थकले होते.

त्यात गेल्या वर्षी तिच्या स्वरतंतूवर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, कित्येक आठवडे तोंड मिटून काढले. मग जानेवारीत तिचा फोन आला.

"आई, एक गिग मिळालीय. कार्निव्हल बॉल आहे, ऑपेरा थीम. मी सोलो गाणारे. एकच आरिया."

आरिया म्हणजे ऑपेरातलं एकट्यानं गायचं पद. मी विचारलं, "डॉक्टरांनी परवानगी दिली?"

"फुल व्हॉइसमध्ये एकदा. देन आय स्टॉप. पण आई, ऐक ना, इथल्या ऑपेरा कंपनीची म्युझिक डायरेक्टर ऐकायला येणारे. तिला आवडलं तर स्प्रिंगमध्ये रोल. रिअल रोल. प्रोग्रॅममध्ये माझं नाव."

फोन स्पीकरवर होता. शरदरावांनी तेवढ्यात विमानाची तिकिटं बघायला सुरुवातसुद्धा केली होती.

गुरुवार: झाडांवर माळा

केतकी विमानतळावर घ्यायला आली ती गळ्याला मफलर गुंडाळून. बाहेर हवा आपल्याकडच्या दिवाळीसारखी, गुलाबी. "थंडी वाजते का गं?" म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाली आणि गळ्याकडे बोट दाखवलं. आवाज जपून वापरायचा म्हणून ती अर्धं बोलणं हातांनीच करत होती. लहानपणी आम्ही हिला गप्प बसवायला काय काय उपाय केले होते, आणि आता ती आपणहून गप्प होती, तर मला ते बघवेना.

शहरात शिरल्यावर पहिल्यांदा दिसतात ते खड्डे. अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण असे मनमोकळे खड्डे मी इथेच पाहिले. दुसरं दिसतं ते झाडांवर. मिरवणुकांमधून लोकांच्या अंगावर प्लॅस्टिकच्या मण्यांच्या माळा फेकतात, त्यांतल्या निम्म्या फांद्यांवर आणि विजेच्या तारांवर अडकून राहतात. वर्षभर तशाच लोंबकळतात म्हणे. कुणी काढत नाही. मला हे आवडलं. आमच्या एडिसनच्या कॉलनीत नाताळचे दिवे जरा जास्त दिवस राहिले की शेजाऱ्याची भुवई वर जाते.

केतकी एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहते. खाली घरमालकीण मिस व्हर्ना. निवृत्त शाळामास्तरीण, माझ्याच वयाची, आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभा असलेला माणूस 'हो' म्हणेल. तिनं आमच्यासाठी किंग केक आणून ठेवला होता. जांभळ्या, हिरव्या, सोनेरी साखरेचा गोल केक, आत एक इवलंसं प्लॅस्टिकचं बाळ. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्यानं पुढचा केक आणायचा. ते निघालं शरदरावांच्या दाढेखाली. दात वाचला. मिस व्हर्ना टाळ्या वाजवत म्हणाली, "आता तुम्हाला परत यावंच लागेल!" शरदराव खूश. मी मनात म्हटलं, हे लोक पाहुण्याला अडकवून ठेवायची युक्ती बाकी छान करतात.

शुक्रवार: डोक्यावरची नदी

सकाळी शरदरावांनी मला नदी बघायला नेलं. हयातभर पूल बांधलेला माणूस, त्याला नदी दाखवल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. इथली नदी रस्त्यापेक्षा उंचावर आहे. आपण खाली चालतो आणि बांधापलीकडे आपल्या डोक्यावरून भलंमोठं जहाज जातं. शरदराव पंप, उतार, बांध असं पुष्कळ काही समजावत होते. मी 'हं' म्हणत बाकावर बसून सँडलचा पट्टा सैल केला.

मग कॉफी. ती मात्र खरी घरची निघाली. चिकोरी घातलेली, कडू, दाट, वर गरम दूध. आमच्या नागपुरात आईकडे पाहुणे आले की असली कॉफी व्हायची. सोबत चौकोनी गरम पुऱ्यांसारखं एक पक्वान्न देतात, बेन्ये. त्यावर पिठीसाखरेचा डोंगर. खाताना श्वास घ्यायचा नसतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शरदराव नेमके बोलायला गेले आणि माझी काळी शाल पांढरी झाली.

परतलो तेव्हा केतकी रियाज करत होती. असा रियाज मी जन्मात पाहिला नाही. पाण्याच्या ग्लासात नळी घालून ती नळीतून गुणगुणत होती आणि पाण्यात बुडबुडे येत होते. त्यानं म्हणे स्वरतंतूंवर ताण न येता आवाज तापतो. शरदराव दारात उभे राहून बघत राहिले. त्यांचं बालपण सांगलीचं. संगीत नाटकं बघत, पिटातल्या खुर्च्यांत झोपत आणि पुन्हा जागं होत ते वाढले. गाणं म्हणजे काय ते त्यांना नाटकवाल्यांनी शिकवलं.

"आमच्याकडे पहाटे उठून खर्ज लावायचे," ते म्हणाले. "हिला पाण्यात फुगे काढावे लागतायत."

"अहो, तिला ऐकू जातंय."

"मी वाईट कुठं म्हणतोय? उद्या काय होतंय याचीच धास्ती वाटते गं, सुधा."

केतकीनं नळी बाजूला ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, चिल. वन टाइम. एकदा नीट होईल. आय नो माय व्हॉइस." मग दुपारी मिस व्हर्नानं आमच्यासाठी मांस न घालता केलेला राजमा-भात पाठवला. शरदरावांनी त्यावर घरून आणलेलं लिंबाचं लोणचं घेतलं, पण जेवले अगदी थोडं.

शनिवार: बॉल

बॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं मला ठाऊक नाही. मला वाटलं होतं, सगळे मुखवटे घालणार, सगळे नाचणार. म्हणून शुक्रवारी मी दुकानातून दोन मुखवटे आणले होते, एक मोरपिसांचा माझ्यासाठी, एक साधा काळा शरदरावांसाठी. तसं पाहिलं तर मुखवटा आम्हाला नवा नाही. आमच्या नागपूरकडे महालक्ष्म्यांचे मुखवटे बसतात, ते मी दर वर्षी हातानं पुसून मांडत आले. पण स्वतःच्या तोंडावर चढवायची वेळ पहिलीच, आणि खरं सांगते, मला हौस वाटत होती.

कपड्यांचे नियम भलते कडक. पुरुषांना मागे शेपट्या असलेला काळा कोट आणि पांढरा बो, बायकांना पायघोळ पोशाख. त्याबाबतीत माझी पैठणी पास झाली. शरदरावांचा भाड्याचा कोट मात्र कुणा ताडमाड माणसाचा होता. केतकीनं पँट आतून पिनांनी वर घेतली. आरशात बघून ते म्हणाले, "बँडवाला दिसतोय." मी नाही म्हटलं, पण दिसत होते.

दाराशी पांढऱ्या हातमोज्यांचा एक गृहस्थ आमंत्रणं तपासत होता. आमचे मुखवटे बघून त्यानं अतिशय नम्रपणे ते काढायला सांगितले. इथे मुखवटा घालायचा हक्क फक्त बॉल भरवणाऱ्या मंडळाच्या सभासदांना असतो. पाहुण्यांनी आपलं तोंड उघडं ठेवायचं आणि बाल्कनीत बसून बघायचं. नाचायचंही नाही. खालून एखाद्या सभासदानं नाव पुकारून बोलावलं, तरच त्या बाईनं खाली जायचं. म्हणजे वऱ्हाडी सगळे सजून आलेले आणि मांडवाबाहेर बसलेले. मोरपिसांचा मुखवटा मी पर्समध्ये कोंबला. पिसं मोडली.

पण पडदा वर गेला आणि मी गुडघा विसरले, हे कबूल करते. रंगमंचावर ऑपेराचं सगळं जग उभं होतं. राजे, शिकारी, जादूगार, जिप्सी, पिसारे लावलेल्या राण्या. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मुखवटे, आणि सगळे पुरुष, राण्यासुद्धा. दिवसा हे लोक वकील नाहीतर डॉक्टर असतात. शरदराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बघ, आपल्या रंगभूमीसारखंच. बायकांची कामं पुरुषच करायचे. आणि शालू कसा सावरलाय बघ त्या जाड्यानं!" मंडळाचा कॅप्टन म्हणून एक उंच मुखवटेवाला शिट्टी फुंकून सगळं हलवत होता. एक शिट्टी झाली की राजे पुढे, दुसरी झाली की मागे. मग मंडळानं यंदा निवडलेली राणी आली, ही मात्र खरीखुरी मुलगी, कॉलेजातली गोड पोर, पाठीवर एवढा जड झगा की चालताना तिचा घाम दिसत होता.

मग दिवे मंद झाले आणि मधोमध एक निळा पोशाख उभा राहिला. अर्ध्या चेहऱ्यावर चंदेरी मुखवटा. या खेपेला दुर्बीण लागली नाही. तिच्या आजूबाजूला गर्दीच नव्हती.

खाली तिसऱ्या रांगेत आखूड पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. केतकीनं सांगितलेली ती म्युझिक डायरेक्टर हीच असणार, कारण भोवतालच्या गप्पांत ती एकटीच मान खाली घालून ऐकायच्या तयारीत बसली होती.

केतकी गायली. इटालियन मला कळत नाही. पण सुरुवातीचे खालचे सूर तिनं असे ठेवले की बाल्कनीतली कुजबुज थांबली. मग चढ आला, आणि त्या चढाच्या टोकाचा तो एक सूर, ज्यासाठी ती पंधरा दिवस ग्लासात बुडबुडे काढत होती, तो स्वच्छ लागला, थांबला आणि हळूच खाली उतरला. मी रडत होते. आखूड केसांच्या बाईनं मान वर केली होती आणि ती हसत होती. मला वाटलं, झालं बाई, मिळाला. आता मला निवांत झोपता येईल.

टाळ्या सुरू झाल्या. आणि माझ्या शेजारून सांगलीच्या पिटातला आवाज उठला.

"वन्स मोर!"

जित्याची खोड म्हणतात ती ही. या माणसाला सगळं माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाली ते माहीत होतं, तिची धास्ती घेऊन तो दोन दिवस धड जेवला नव्हता. पण गाणं काळजात गेलं की सांगलीचा माणूस जे करतो ते त्यानं केलं. मी त्यांचा कोट खेचेपर्यंत ते अर्धे उभे राहून दुसऱ्यांदा ओरडले होते.

एरवी या देशात असं कुणी ओरडत नाही. 'ब्राव्हो' म्हणतात आणि विषय संपतो. म्हणूनच खालच्या मुखवट्यांना ते फार मजेदार वाटलं. एका जादूगारानं वर बघून हात उंचावला आणि तोच सूर धरला, "वन्स मोअर!" मग शिकाऱ्यांनी, मग राण्यांनी. पाय आपटत सगळे राजे ओरडायला लागले. कॅप्टननं केतकीकडे बघून कमरेत वाकून विनंती केली आणि शिट्टी फुंकली. वाद्यवृंदानं पानं मागे उलटली.

शरदरावांचा चेहरा पांढरा पडला. "नाही नाही," ते म्हणाले, "नको, अहो नको," मराठीतच, आणि त्या कल्लोळात ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार?

केतकीनं वर बाल्कनीकडे पाहिलं. मुखवट्यामुळे डोळे दिसत नव्हते. ती नकार देऊ शकली असती, हात जोडून मागे जाऊ शकली असती. मी मनातल्या मनात तिला ढकलत होते, जा, जा आत. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

खालचे सूर लागले. चढ आला. त्या टोकाच्या सुरावर आवाज फाटला. कापड टरकावं तसा, क्षणभर, आणि त्यापुढे नुसती हवा. उरलेलं पद तिनं जवळजवळ बोलूनच संपवलं. कमाल म्हणजे बहुतेकांना कळलंसुद्धा नाही. राजे आधीच पेले उचलत होते, टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या पडल्या. आखूड केसांच्या बाईनं एकदाच डोळे मिटले, शाल उचलली आणि कडेच्या दारानं निघून गेली. शरदराव हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांचा कान तयार आहे. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

मी आत जायला उठले तोच पांढऱ्या हातमोज्यांच्या गृहस्थानं खालून पुकारलं, "मिसेस पथॅक!" म्हणजे मीच. केतकीनं आधीच सांगून ठेवलं होतं, आईला एक नाच मिळू दे. मला माझ्याच लेकीच्या हौसेपायी खाली जावं लागलं. माझा जोडीदार एक लठ्ठ जादूगार निघाला. पैठणी सावरत, दुखऱ्या गुडघ्यावर मी त्याच्याबरोबर गोल फिरले. "वर ओरडले ते तुमचे मिस्टर का?" त्यानं विचारलं. "आजच्या संध्याकाळची सगळ्यात झकास गोष्ट होती ती, मॅम. त्यांना माझे आभार सांगा." मी सांगते म्हटलं. नाच संपल्यावर रिवाजाप्रमाणे त्यानं मला मखमली पिशवीत एक छोटी पिन भेट दिली. मी थँक्यू म्हटलं आणि लंगडत लेकीला शोधायला गेले.

रविवार: मिस व्हर्नाचं सूप

सकाळी केतकीचा आवाज बसला होता म्हणणं कमीच. आवाज नव्हताच. डॉक्टरशी फोनवर मीच बोलले. आत रक्त उतरलं असावं, उद्या येऊन दाखवा, तोवर कुजबुजसुद्धा नको. दुपारपर्यंत ऑपेरा कंपनीचा निरोप आला. फार सौजन्यानं लिहिलेला होता. भूमिका दुसऱ्या मुलीला देत होते. कोरसमध्ये जागा आहे, बरी झाल्यावर जरूर कळव.

मिस व्हर्नानं सूप आणून ठेवलं आणि पावलांचा आवाज न करता खाली गेली.

शरदराव सकाळपासून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होते. केतकी समोर येऊन बसली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "केतकी, मी तुझं वाटोळं केलं. मला माहीत असून... तोंडातून कसं गेलं..." मला त्यांचा भयंकर राग आला होता, रात्रभर आला होता, आणि ते असे बसलेले बघून तोही पुरा येईना.

केतकीनं मान हलवली. मग, बोलायचं नाही हे ठाऊक असून, खरखरत्या श्वासात म्हणाली, "आय कुड हॅव सेड नो, बाबा."

"मग का नाही म्हणालीस?" हे मी ओरडून विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोरसला कुणी वन्स मोर देत नाही, आई. मला पहिल्यांदाच मिळाला. अँड इट वॉज बाबा."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला, एक शब्द बोलू नकोस म्हटलं, आणि सूप तिच्यापुढे सरकवलं. शरदराव उठून गॅलरीत गेले. समोरच्या झाडावर माळा हलत होत्या. मी त्यांना आत बोलावलं नाही.

परत एडिसन

मी आणखी काही दिवस तिथे राहिले. डॉक्टरनं सहा महिने गाणं बंद सांगितलं आहे, पुढचं पुढे. तो टोकाचा सूर परत लागेल का, यावर ती फक्त 'बघू' म्हणाली. अमेरिकन डॉक्टर 'बघू' म्हणाला की काय समजायचं ते मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढलेल्या वर्षांनी शिकवलं आहे.

परतल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही ओक ट्री रोडला भाजी आणायला गेलो. तिथे देशमुखकाका भेटले. वयानं ऐंशीच्या पुढचे, तेही सांगलीचे, शरदरावांचे नाटकातले जुने दोस्त. कोथिंबिरीच्या जुड्यांपलीकडून त्यांनी हाक मारली, "काय शरद, जाऊन आलास म्हणे! कशी गायली पोरगी? वन्स मोर मिळाला की नाही?"

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

शरदरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मिळाला, काका," ते म्हणाले. "आख्ख्या थिएटरनं दिला."

"शाब्बास!" देशमुखकाकांनी टाळी दिली. "शेवटी सांगलीचं रक्त!"

शरदराव हसले. अगदी खरं हसले. मग गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, "आज तू चालव," म्हणाले, आणि बाहेर जाऊन गाडीच्या बंद दाराशी उभे राहिले. मी पैसे देऊन आले तेव्हाही ते तसेच पाठमोरे उभे होते, आणि दार उघडल्यावर आत बसायला त्यांना बराच वेळ लागला.